पेरणीआधी अवजारांची वेल्डिंग: जुन्या लोखंडावर जोड का धरत नाही

नव्या पट्टीवर सरळ बसणारी वेल्डिंग जुन्या फाळावर किंवा ट्रॉलीच्या सांगाड्यावर फेसाळते, भोकं पडतात, चार दिवसांत तडा जातो. बहुतेक वेळा चूक हाताची नसते, लोखंड नीट तयार केलेलं नसतं.

भोकांचं मूळ गंज, रंग आणि ग्रीस. गंजात पाणी मुरलेलं असतं. आर्कच्या (रॉड आणि लोखंडामधल्या विजेच्या ज्वाळेच्या) उष्णतेने त्याचा वायू होतो आणि रस थिजताना आतच अडकतो. म्हणून आधी ग्रीस पुसून काढा, मगच ग्राइंडर लावा. उलट केलं तर तेल चोळलं जातं. जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान 25 मिमी, आणि शक्य असेल तर खालूनही, लोखंड चकचकीत दिसलं पाहिजे. अर्थिंगचा चिमटाही तशाच स्वच्छ जागी लावा.

तडा वरून लिंपू नका. त्याच्या टोकाला 4-5 मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकतो. मग 60 अंशांची व्ही खाच करून तळापासून भरा. प्रत्येक थरानंतर स्लॅग (वेल्डवर जमणारी कडक खपली) पूर्ण झाडा.

3.15 मिमीच्या 6013 रॉडला (6013, 6011, 7018 हे रॉडच्या प्रकारांचे क्रमांक) साधारण 90 ते 130 अँपिअर लागतात. करंट कमी पडला तर वेल्ड दोरीसारखी वर बसते, जास्त झाला तर कडा खाल्ल्या जातात. झिजून पातळ झालेल्या पत्र्याला 2.5 मिमीचा रॉड, 60-90 अँपिअर. सगळा गंज निघतच नसेल तर 6011 बरा. जाड कामासाठी 7018 उत्तम, पण ओल धरलेला 7018 वापरणं धोक्याचं. तो 300 अंशांच्या वर तासभर भाजावा लागतो, उन्हात ठेवून भागत नाही.

वेल्डच्या अगदी शेजारी तडा गेला तर लोखंडात कार्बन जास्त आहे, असं समजा. तिथे कानस घासून पाहा, न कापता घसरली तर लोखंड कडक आहे. असा फाळ 200 अंशांच्या आसपास तापवून जोडा आणि कोरड्या राखेत पुरून हळू थंड होऊ द्या. पाणी ओतलंत, तर जोड गेलाच. बीड (ओतीव लोखंड) असेल तर निकेल रॉड घ्या, एका वेळी 25 मिमीच ओढा आणि गरम असतानाच हातोडीने हलके ठोका.

जस्ताचा मुलामा घासून काढा, धुराने ताप येतो. डिझेलच्या टाकीला, रिकामी असली तरी, वेल्डिंग लावू नका. ट्रॅक्टरवर काम करताना बॅटरीच्या तारा सोडा आणि अर्थिंग जोडाजवळच घ्या. करंट बेअरिंगमधून गेला तर तेही खराब होतं.