तोतरेपणा: उपचार कसे घ्यावेत आणि इतरांनी कसे ऐकावे

अडखळत बोलणाऱ्या मुलाला तज्ज्ञाकडे नेण्यापूर्वी आपल्याकडे अनेक घरांत वेखंड उगाळून चाटवून झालेले असते, जिभेला अक्कलकारा लावून झालेला असतो आणि कुणीतरी सांगितले म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेण्याची तयारीही सुरू असते. यांपैकी कशानेही तोतरेपणा जात नाही, कारण त्याचे मूळ जिभेत नाहीच. बोलण्यासाठी लागणाऱ्या सूक्ष्म हालचालींची वेळ आणि क्रम मेंदूत जुळवला जातो. फरक त्या जुळणीत असतो आणि अनेक कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. आईने लाड केले किंवा शेजारच्या मुलाची नक्कल केली म्हणून तोतरेपणा सुरू होत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना हे आधी समजावून सांगावे, कारण आईला दोष देत बसण्यातच उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात दिसू लागतो. शंभरापैकी सुमारे ५ मुले या काळात अडखळतात, त्यांतील बहुतेकांचे बोलणे पुढे सुरळीत होते आणि प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरते. त्यामुळे ‘मोठा झाला की सुधारेल’ हा सल्ला पुष्कळदा खरा ठरतो. मात्र नेमके कोणते मूल सुधारेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. अडखळणे ६ महिन्यांहून अधिक टिकले, घराण्यात आणखी कुणी तोतरे असले, किंवा शब्द अडकताच मूल डोळे मिटते, मान झटकते आणि ‘जाऊ दे’ म्हणून गप्प होते असे दिसले, तर वाट पाहू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येते. वजन-उंची मोजून होते, दात पाहून होतात, आणि त्या घाईत मुलाला तोंड उघडून बोलण्याची वेळच येत नाही. म्हणून पालकांनी किंवा अंगणवाडीताईंनी बोलण्याचा विषय स्वतःहून काढावा आणि मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागावी. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करावी. खासगी स्पीच थेरपिस्टकडे गेल्यास भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. ठरावीक दिवसांत खात्रीने बरे करण्याची जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहावे.

सहा वर्षांखालील मुलांसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम्ब पद्धत सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. तीत उपचार प्रत्यक्षात आई किंवा वडीलच घरी करतात: रोज थोडा वेळ मुलाशी खेळत बोलायचे, सुरळीत बोलण्याला मोजके आणि मनापासून कौतुक द्यायचे, दिवसभराच्या अडखळण्याला ० ते ९ असा आकडा देऊन वहीत लिहायचा आणि तज्ज्ञाला दाखवायचा. तज्ज्ञाकडून शिकल्याशिवाय मात्र ही पद्धत सुरू करू नये. तिचे मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवरूनही परिणामकारक ठरले आहे, आणि मराठवाड्यासाठी मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मुलाचा उपचार मध्येच तुटतो. तेव्हा पहिल्याच भेटीत ‘आम्ही इतके महिने गावी नसू, फोनवरून पुढे कसे चालवायचे?’ असे स्पष्ट विचारावे.

मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या बाबतीत उपचाराचे माप बदलावे लागते. परभणीहून पाथरीला जाणारा तरुण कंडक्टरसमोर ‘पा’वर अडकतो, ओठ घट्ट मिटून राहतात, मागचे प्रवासी पाहू लागतात, आणि शेवटी तो पुढच्या माजलगावचे तिकीट मागून जास्तीचे पैसे देतो व पाथरीलाच उतरतो. ऐकणाऱ्याला तो अजिबात अडखळलेला दिसत नाही, तरी तोतरेपणाने त्याच्याकडून पूर्ण किंमत वसूल केलेली असते. म्हणून तज्ज्ञाला ‘किती कमी अडखळतो?’ याबरोबरच ‘हवा तोच शब्द वापरतो का?’ हेही तपासायला सांगावे. ओठ हलके टेकवून शब्द सुरू करणे, अडकलेल्या शब्दातून ताण सोडत बाहेर पडणे ही तंत्रे तज्ज्ञाच्या खोलीत लवकर जमतात. ती एसटीत, किराणा दुकानात आणि फोनवर वापरण्याचा सराव उपचाराच्या आराखड्यात नसेल तर तो मागून घ्यावा.

शिक्षकांनी मुलाला एकांतात विचारावे की हजेरीला ‘हजर’ म्हणायचे की हात वर करायचा, आणि मोठ्याने वाचन एकट्याने करायचे की जोडीने. तोंडी परीक्षेत त्याला वेळ वाढवून द्यावा, परंतु प्रश्न वगळू नयेत. स्नेहसंमेलनाच्या नाटिकेत हशा पिकवण्यासाठी घातलेले तोतरे पात्र काढून टाकावे. त्या हशात वर्गातले एक मूल खाली मान घालून बसलेले असू शकते. २२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन शाळेत किंवा ग्रामपंचायतीत पाळायचा असेल, तर पाहुण्यांच्या भाषणांऐवजी अडखळत बोलणाऱ्या व्यक्तीला तिची तयारी असल्यास बोलू द्यावे, आणि तिला हवा तितका वेळ द्यावा.

ऐकणाऱ्याने वाक्य पूर्ण करून देऊ नये, ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असे सांगू नये आणि नजर चुकवू नये. उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबले, तर समोरच्याचीही घाई कमी होते. मुलाखतीला किंवा बँकेत जाणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावे: ‘मी बोलताना अडखळतो, थोडा वेळ लागेल, पण बोलणे मी पूर्ण करीन.’ हे वाक्य आधी घरच्यांसमोर आणि मग ओळखीच्या दुकानदारासमोर म्हणून पाहावे. त्यात शब्द अडकला तरी ते अर्ध्यावर न सोडता शेवटपर्यंत न्यावे.