कमी पैशात शिकारीसाठी पहिला कंपाउंड (टोकांना चाकं असलेला) धनुष्य निवडताना

आधी ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढल्यावरची ओढीची लांबी, मोजा. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात घ्या आणि 2.5 ने भागा. 70 इंच आले तर 28. हा अंदाज आहे, पण सुरुवातीला पुरतो. लेंथ जास्त झाली की दोरी कोपराजवळ हातावर सपकन बसते आणि नेम बिघडतो.

ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, कमी-जास्त करता येणारा धनुष्यच घ्या. खुर्चीत बसून, धनुष्य वर न उचलता दोरी सरळ मागे ओढता आली पाहिजे. हरणासाठी 40 ते 50 पौंड सहसा पुरतात, मात्र किमान ड्रॉ वेटचा स्थानिक नियम आधी बघा. हौसेने 70 पौंड घेऊ नका, खांदा दुखावतो.

वापरलेला धनुष्य स्वस्तात चांगला मिळतो. लिंबांवरून (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन पात्यांवरून) कापूस फिरवा; धागे अडकले तर तिथे चीर आहे, तो सोडून द्या. दोरी पिंजलेली असेल तर नव्या दोरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, लिंब फुटू शकतात.

रिलीज (दोरी पकडून सोडायचं छोटं साधन) आणि योग्य स्पाइनच्या (ताठपणाच्या) बाणांसाठी पैसे राखून ठेवा. बाणाचं वजन ड्रॉ वेटच्या दर पौंडामागे किमान 5 ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं छोटं एकक) हवं, शिकारीला त्याहून जड बरं.