विदर्भातल्या गावात भूकंपाचा धोका कसा तपासावा: नकाशा पाच मिनिटं, भिंत दोन तास

‘आपण भूपट्टाच्या, म्हणजे जमिनीखालच्या सरकत्या खडकाच्या प्रचंड तुकड्याच्या, कडेपासून लांब आहोत, खाली काळा दगड आहे, इथं काय होणार?’ हे ऐकून कान किटले. हिमालयाकडून येणारा दाब सगळ्या भारतीय भूपट्टात पसरतो आणि आतल्या जुन्या भेगांवर फार हळू साठतो. अशा भेगेचे दोन मोठे भूकंप हजारो वर्षांच्या अंतरानं होऊ शकतात. त्यामुळं आजोबांना आठवत नाही, हा पुरावा नव्हे.

आधी झोन, म्हणजे भूकंपधोक्याचा पट्टा, बघा. देशाच्या भूकंपधोक्याच्या 2002 च्या नकाशात विदर्भाचा बहुतेक भाग झोन 2 मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. किल्लारीही 30 सप्टेंबर 1993 ला तेव्हाच्या सगळ्यात खालच्या झोन 1 मध्येच होती; 6.2 चा धक्का तरीही बसला. पुढं झोन 1 च रद्द झाला.

मग आसपासचे भूकंप काढा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर यादी मिळते. 1997 चा जबलपूरचा 5.8, जुलै 2024 चा हिंगोलीचा 4.5, डिसेंबर 2024 चा तेलंगणातल्या मुलुगूचा 5.3 असे धक्के दिसतील. वणी-चंद्रपूरकडं कोळसा खाणीचा स्फोट आणि भूकंप यांत गोंधळ होतो. वेळ लिहून ठेवा आणि यादीशी ताडा. ‘लहान धक्क्यांनी जोर निघून जातो’ असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. किल्लारीला ऑक्टोबर 1992 मध्ये लहान धक्के बसलेच होते.

जमीन: पूर्णेच्या खोऱ्यातल्या जाड गाळावर हादरा जास्त जाणवतो. या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात असाल तर धोका एक पायरी वर धरा.

आता भिंत. खरी मेहनत इथं आहे, आणि मलाही हाच भाग सगळ्यात उशिरा जमला. दगड-मातीची दोन फुटी भिंत बघून लोक म्हणतात, किल्ला आहे. बहुतेक वेळा ती एक भिंत नसतेच. आत एक थर, बाहेर एक थर, मधे माती आणि दगडांचे छिलके. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा फुगून पडतो आणि वरचं छत खाली येतं. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः अशा भिंतींखाली.

थर एकमेकांना धरून आहेत का, हे बघायला पडका कोठा किंवा चौकट काढलेली जागा शोधा. भिंतीचा काप तिथं दिसतो. एकच दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेलेला हवा, उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवा दर चार फुटांवर. काप नसेल तर ओळंबा सोडा. पोट सुटलेलं दिसलं की थर अलग झाले समजा. मग कोपरे बघा. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेत, की मधे सरळ उभी फट आहे? फट असेल तर ती भिंत एकटीच उभी आहे.

भेगांनी फसू नका. काळ्या मातीवरच्या घराला भेगा पडतातच. उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण करून वैशाखात आणि श्रावणात अंतर मोजा. अंतर बदलत असेल तर कारण माती. पण अशी भिंत हादऱ्यात आधी जाते, म्हणून तिला तपासणीतून वगळू नका. आणि तपासायच्या आधी वरून सिमेंटचं प्लास्टर तर अजिबात नको. त्यानं ताकद येत नाही, फुगवटा मात्र झाकला जातो. मिस्त्री आग्रह करेल, ऐकू नका.

छत: धाब्याच्या घरावर दरवर्षी नवी पांढरी माती चढते. कडेला टोकून जाडी बघा, जुने थर उतरवा. कवेलूचं छत हलकं, ती चिंता कमी.

सिमेंट-विटांच्या घरात एकच बघा: दरवाजे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे का.

भिंत कच्ची निघाली तर पाडायची गरज नाही. आरपार भोक पाडून, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरतात. भोकाचा दगड हलक्या हातानं फिरवून सैल करायचा. सब्बल मारली की शेजारचे दगडही निघतात. पैसा कमी असेल तर आधी ज्या खोलीत रात्री झोपता तिची बाहेरची भिंत घ्या, आणि काम होईपर्यंत खाट तिथून हलवा.