शिंपले ठेवत वाचा, हक्क आपोआप कळतात

बालहक्कांची यादी फळ्यावर लिहिली की चौथीची मुलं ती पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. त्यापेक्षा वर्गात एखादी कादंबरी रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचा आणि सोबत हे करा.

१. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाच चौकोन आखा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातले पाच हक्क त्यात लिहा: आपलं म्हणणं ऐकलं जाणं (कलम 12), आरोग्य (24), शिक्षण (28), खेळ आणि विश्रांती (31), घातक कामापासून संरक्षण (32).

२. प्रत्येकाला पुळणीवरचे चार-पाच शिंपले द्या. पात्राचा हक्क डावलला गेला तर त्या चौकोनात शिंपला पालथा ठेवायचा, जपला गेला तर उताणा.

३. प्रकरण संपलं की फक्त "इथंच का ठेवलास?" एवढंच विचारा.

खरी मजा या तिसऱ्या पायरीत आहे. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीचा प्रसंग वाचला, तर कुणी शिंपला शिक्षणावर ठेवतो, कुणी खेळावर. एखादी विचार करून तो कलम 12वर सरकवते, "तिला कुणी विचारलंच नाही." तिघंही बरोबर आहेत. घाईनं उत्तर सांगू नका, त्यांना भांडू द्या.

पाण्याचा प्रसंग आला तर 1927चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह जरूर सांगा. तो आपल्या कोकणातलाच.

एक मात्र सांभाळा: "तुमच्या घरी असं होतं का?" हे वर्गात विचारू नका. पहाटे बंदरावर मासळी निवडून शाळेत येणारं पोर तिथंच बसलेलं असतं. बोलणं पात्राबद्दलच ठेवा. त्याला सांगावंसं वाटलं तर नंतर एकट्याचं ऐका.