पोरांनी बोंड फोडलं, मग पुस्तक उघडलं

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत झाली आणि आठवड्याभरात तीन गोष्टी माझ्या गळ्यात पडल्या: तिसरी-चौथीचा वर्ग, पोषण आहाराची वही आणि एक लोखंडी कपाट. कपाटात १८६ पुस्तकं. खालचा कप्पा वाळवीने खाल्लेला, बाकीची कोरी करकरीत.

ती कोरी का राहिली, हे नव्या शिक्षकाने आधी समजून घ्यावं. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं. पुस्तकं ज्याच्या चार्जमध्ये, त्याला बदलीच्या वेळी एकेक मोजून द्यावी लागतात. म्हणून ती १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला बाहेर येतात, फोटो होतो आणि कपाट पुन्हा बंद. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला वाचनालय सांगितलंय, कुलूप कुठेच सांगितलेलं नाही. तरी मीही पहिले दोन महिने किल्ली पर्समध्येच ठेवली, हे कबूल करते.

सुरुवात चुकीचीच केली. कुठून तरी ड्यूईचं दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याची पद्धत, वाचलं. १८७६ सालचं, जगभर चालतं, तर आपल्याकडेही चालेल असं वाटलं. दोन रविवार बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. पक्ष्यांचा आकडा ५९८. सोमवारी चौथीतल्या एकीने विचारलं, "मॅडम, पाखरायचं पुस्तक पाचशे अठ्ठ्याण्णव, मंग बाकीचे पाचशे सत्त्याण्णव कुठं गेले?"

मी चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि सगळी पुस्तकं सतरंजीवर ओतली. म्हटलं, तुम्हीच ढीग लावा. ढीग झाले चार: हसायचे, भ्यायचे, जनावरांचे आणि खरे-खरे. वाघाच्या पुस्तकावर अर्धा तास भांडण चाललं. जंगलाकाठच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणारा एक कोलाम मुलगा सहसा तोंड उघडत नसे. तो पुस्तक उचलून म्हणाला, "हे खरे-खरेमध्ये." त्याच्या पोडावर वाघ येतो. कुणी वाद घातला नाही. प्रत्येक ढिगाला एका रंगाची पट्टी लावली आणि ती पद्धत आजही टिकून आहे. त्या भांडणाच्या निमित्ताने पोरांनी कित्येक पुस्तकं उघडून पाहिली, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

आता खेळांबद्दल. सगळ्यात सोपा चिठ्ठीचा. चिठ्ठीवर लिहायचं, "ज्या पुस्तकात माकड छत्री घेऊन उभं आहे, त्याचा पान क्रमांक आणि चित्रकाराचं नाव आणा." अनुक्रमणिका, पान क्रमांक, चित्रकार वेगळा आणि लेखक वेगळा, हे शिकवायला फळा लागत नाही. पण प्रत्येक गटाची चिठ्ठी वेगळ्या पुस्तकाची हवी. पहिल्या खेपेला माझ्या तीन चिठ्ठ्या एकाच पुस्तकाच्या होत्या. तिघांनी ते तिन्हीकडून ओढलं आणि शेवटी दोऱ्याने शिवावं लागलं.

ज्यांची घरची बोली कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, त्यांना आधी बिनशब्दांची चित्रपुस्तकं द्या आणि गोष्ट त्यांच्या बोलीत सांगू द्या. समजली नाही तरी ऐका, बाकीची पोरं समजावून देतात. पुस्तकं कमी पडली तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात, छापून घेता येतात. 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत.

पण खरं सांगायचंय ते प्रश्नांच्या डब्याबद्दल. बिस्किटाच्या रिकाम्या डब्याला फट पाडली. पोरांनी प्रश्न टाकायचे, शनिवारी एक काढायचा. सप्टेंबरात एक चिठ्ठी निघाली: "बोंडअळी आत जाते त भोक कोठं रायते?" शुद्धलेखन मी सुधारलं नाही.

आमच्याकडे घराघरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने गाव कसं झोपवलं, ते मुलांनी घरी ऐकलेलं. कपाटातल्या एकाही पुस्तकात बोंडअळी नव्हती. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, ते गिळलं. नव्या लोकांना एवढंच सांगते की असं उत्तर गिळायची सवय लावून घ्या. मी तीन रकाने आखले: माणसाला विचारलं, लिहिलेलं वाचलं, डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या रकान्यासाठी पोरांनी आपापल्या आबाजींना गाठलं. एक आबाजी म्हणाले, अळी फुलातून जाते. दुसरे म्हणाले, बियाण्यातूनच येते. दुसऱ्या रकान्यासाठी कृषी विभागाचं घडीपत्रक मागून आणलं. त्यातले शब्द जड, पण पोरांनी 'कामगंध सापळा' आणि 'डोमकळी' बरोबर हुडकले, कारण हे शब्द घरातले. कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा. डोमकळी म्हणजे न उमलता पाकळ्या मिटून राहिलेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल. आत अळी पाकळ्या जाळ्याने बांधून बसते.

तिसऱ्या रकान्यासाठी हिरवी बोंडं लागणार होती. इथे थांबा. फवारलेल्या वावरातलं बोंड मुलाच्या हातात देऊ नका. त्याच २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. शाळेमागे तीन-चार झाडं आपोआप उगवली होती, कुणी न फवारलेली. त्यांची बोंडं मी कापली, पोरांनी भिंग धरलं. बाहेरून बोंड धडधाकट, आत सरकी पोखरलेली आणि एक बारकी अळी.

"मॅडम, हे त पांढरी हाय! नाव चुकलं काय?"

वर्गात शांतता. मग पोरं परत पत्रकाकडे धावली, या खेपेला कुणी न सांगता. त्यात सापडलं की लहान अळी पांढुरकी असते, वाढली की गुलाबी होते. ती इतकी बारीक असताना बोंडात शिरते की शिरायचं भोक नंतर बुजून जातं. चिठ्ठीतल्या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि फुलातून सांगणारे आबाजीही खोटे ठरले नाहीत, कारण अळी फुलांवरही असतेच. बियाण्यावरून मात्र आजही दोन घरांत वाद आहे.

पोळ्याच्या वेळी असंच झडत्यांचं, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणायच्या गावठी कवनांचं, झालं. प्रत्येकाने घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून एक झडती लिहून आणायची, कुणी सांगितली तेही खाली लिहायचं. एकच झडती तिघांकडून तीन तऱ्हेने आली. खरी कोणती, यावर पोरं हटून बसली. शेवटी तिन्ही लिहिल्या. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चित्रं काढून चाळीस पानी वहीला पुठ्ठा घातला आणि ती वही खरे-खरेच्या ढिगात ठेवली. सगळ्यात जास्त घरी जाणारं पुस्तक तेच. आबाजी स्वतःचं नाव वाचून दाखवायला लावतात.

देवघेवीची वही चौथीतली पोरं लिहितात. नाव, पुस्तक, तारीख, परत आलं की बरोबरची खूण. दिवाळीनंतर कापूस वेचायला पोरं मायबापाबरोबर वावरात जातात, तेव्हा भावंडाच्या दप्तरातून पुस्तक पाठवते. परत येतं, कधी कापसाचे तंतू चिकटून. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून विटांवर ठेवा आणि आत कडुनिंबाचा पाला टाका. खालचा कप्पा रिकामाच बरा.

हरवण्याची भीती वाटते ना? तीन वर्षांत माझी पाच पुस्तकं गेली. चार हरवली. पाचवं एक मुलगी ओट्यावर ठेवून पाणी आणायला गेली तेवढ्यात शेळीने अर्धं खाल्लं. ती उरलेलं अर्धं रडत घेऊन आली. निर्लेखनाच्या, म्हणजे गेलेली पुस्तकं नोंदीतून कमी करण्याच्या, प्रस्तावात कारणाच्या रकान्यात मी जे घडलं तेच लिहिलं, 'शेळीने खाल्ले', आणि पुरावा म्हणून ते अर्धं पुस्तक जोडलं. केंद्रप्रमुखांनी आधी पुस्तक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.