संजय गांधी निराधार अनुदान: कोण बसतं आणि अर्ज कुठे अडतो

घरात मिळवतं माणूस उरलं नाही की महिन्याला येणारे दीड हजारही मोठा आधार असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. तरीही योजनेत बसणारी कितीतरी माणसं बाहेर राहतात, कारण एखादा दाखला चुकीचा, जुना किंवा अपुरा निघतो. म्हणून अर्ज भरण्याआधी कागद तपासा.

योजनेत विधवा, पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित आणि घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या स्त्रिया, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्याची पत्नी, ३५ वर्षांवरील अविवाहित निराधार स्त्री, देवदासी, तृतीयपंथी, अनाथ मुलं, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले, आणि क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारामुळे कमावू न शकणारे स्त्री-पुरुष बसतात. वय ६५ च्या आत हवं. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत अर्ज करायचा. तिथे विधवा किंवा दिव्यांग असण्याची अट नाही. दोन्ही योजनांना राज्यात १५ वर्षं वास्तव्य लागतं. सीमाभागात कर्नाटक-तेलंगणातून लग्न होऊन आलेल्या स्त्रियांचे अर्ज इथेच अडतात. मतदार ओळखपत्र, जुनं रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, जे जे या मुक्कामाची वर्षं दाखवतं ते जमा करून ठेवा.

खरी अडचण उत्पन्नाची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. आजच्या मजुरीच्या दरात २१,००० ही मर्यादा फारच तोकडी आहे, ती वाढायला हवी. पण आहे तोवर अर्ज तिच्यावरच तपासला जातो. तलाठ्याच्या चौकशीत सवयीने ३६,००० किंवा ४०,००० लिहिलं गेलं की तहसीलदारांचा दाखलाही तसाच निघतो आणि पुढे अर्ज नामंजूर होतो. म्हणून जबाब देतानाच घरात कमावणारं कोण, किती दिवस काम मिळतं, जमीन किती आणि कोणाच्या नावावर, हे खरं आणि नेमकं सांगा. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. सासूसासरे किंवा दीर एकाच रेशनकार्डावर असतील तर त्यांचं उत्पन्न मोजलं जाण्याची शक्यता असते. चूल खरोखर वेगळी असेल तर आधी कार्ड विभक्त करून घ्या, मग उत्पन्नाचा दाखला काढा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही कागद जुळत नाहीत.

कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर उत्पन्नाऐवजी तो आधार चालतो. पण नुसतं पिवळं रेशनकार्ड म्हणजे त्या यादीतलं नाव नव्हे. ग्रामपंचायतीतून यादीचा साक्षांकित उतारा, अनुक्रमांकासह, घ्यावा लागतो.

दाखल्याची मुदतही बघा. एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढलेला दाखला, अर्ज ज्या तालुका समितीसमोर जातो तिची बैठक लागेपर्यंत मुदतबाह्य होतो आणि त्रुटी निघते. एप्रिल-मे हा अर्जाचा उत्तम काळ. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांत मिळायला हवा. न मिळाल्यास पोचपावतीच्या आधारे अपील करता येतं.

विधवेच्या अर्जाला पतीचा मृत्यूचा दाखला हवाच. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नसेल तरी वाट बंद होत नाही. वर्षभरानंतर नोंदवायची असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याला वेळ जातो, तेव्हा हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. दुसरी नेहमीची गाठ नावाची: आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, मृत्यूच्या दाखल्यावर पतीच्या नावात एक अक्षर वेगळं. आधी आधार दुरुस्त करा आणि बाकी कागद त्याच्याशी जुळवा. दिव्यांगांनी शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जोडावं.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून भरता येतो. सोबत आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा यादीचा उतारा, आपण ज्या गटात बसतो त्याचा पुरावा, बँक पासबुक आणि फोटो. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स घरी ठेवा. तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्या-दोन महिन्यांनी विचारायला गेलं की तोच एक पुरावा हातात असतो. तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांच्या पडताळणीनंतर अर्ज तालुका समितीच्या बैठकीत जातो. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. बहुतेकदा ती भरून काढता येणारी त्रुटी असते आणि नव्याने अर्ज करता येतो.

मंजुरीनंतर पैसे थेट खात्यात येतात, पण पासबुक दिलं म्हणून त्याच खात्यात येतील असं नाही. आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत ते जातात. खात्याला आधार क्रमांक देणं वेगळं आणि थेट लाभासाठी सीडिंग करणं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडून घेणं, वेगळं. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा किंवा बँकेत विचारा. जुन्या जनधन खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसतील तर ते निष्क्रिय झालेलं असतं; केवायसी देऊन थोडे पैसे भरून चालू करून घ्या.

लाडकी बहीण आणि हे अनुदान एकत्र मिळत नाहीत. दिव्यांग स्त्रीला निराधार योजनाच घेणं फायद्याचं, रक्कम जास्त आहे.

मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात. थांबलेच तर आधी बँकेत खातं चालू आहे का आणि सीडिंग कुठे आहे ते पाहा, मग हयातीचा दाखला आणि आधार घेऊन संजय गांधी शाखेत जा.