फवारणी ठरली की घरातल्या बायकांसाठी आधी काय करावं

औषध मारणारा गडी पुरुष असतो, म्हणून काळजीही त्याच्यापुरतीच घेतली जाते. पण कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याकडच्या मळ्यात जरा बघा. पंपाला पाणी आणून देते ती बाई, दुसऱ्या दिवशी त्याच सरीत भांगलायला, म्हणजे तण काढायला, बसते ती बाई, आणि संध्याकाळी औषधाचे कपडे धुते तीही बाईच.

तिला दिवस गेले असतील तर? गर्भाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि कित्येकींना काही कळलेलंही नसतं. म्हणून ‘पोटुशी असली तर जपू’ हा हिशेब उपयोगाचा नाही. पुढच्या गोष्टी मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईसाठी पाळायच्या.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात १९९९ पासून शेतमजूर वस्तीतल्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला. ज्यांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या बायकांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ अंकांनी कमी भरला. आपण हुमणी अळीला घालतो ते क्लोरपायरीफॉस याच कुळातलं.

१. दुकानात: डब्यावरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल-पिवळ्याऐवजी दुसरं काही चालेल का, हे दुकानदाराला विचारायचंच. (हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त त्यातल्या त्यात सौम्य.) सोबतचं माहितीपत्रक फेकू नका.

२. कालवताना: सगळ्यात धोक्याची वेळ हीच, कारण बाटलीतलं औषध घट्ट असतं. पाणी आधी, बाटली नंतर, असा दंडक घाला. बॅरल भरून झालं, घागर घेऊन बाई बांधावर लांब गेली, की मगच झाकण उघडायचं. हातात रबरी मोजे, ढवळायला काठी. स्वयंपाकघरातला पेला मापाला आणायचा नाही. बाईने कालवायला हात लावायचा नाही, मग गडी कमी असोत की घाई असो.

३. फवारताना: सकाळी, वारा मंद असताना आणि फवारा आपल्यापासून दूर जाईल असं चाला. गळका पंप पाठीवर घेऊ नका. पाठीवरून ओघळणारं औषध जांघेत उतरतं आणि तिथली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते. नोझल तोंडाने फुंकणं तर सोडाच. २०१७ मध्ये यवतमाळला उंच वाढलेल्या कापसात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. डोक्यावर गेलेल्या उसात शिरण्याआधी हे आठवा.

४. भांगलणीआधी: इथेच आपण चुकतो. आज औषध मारलं आणि उद्या टोळी लावली, असं सर्रास चालतं. रोजगाराला आलेल्या बायकांना रानात काल काय मारलंय हे कोणी सांगत नाही. पानावरचं औषध हातांना, पायांना, ओल्या लुगड्याला लागतं आणि तो कपडा दिवसभर अंगाला चिकटून राहतो. अमेरिकेत सर्वांत विषारी गटाच्या औषधांसाठी किमान ४८ तास रानात शिरायला मनाई असते. आपणही लेबलवर जास्त मुदत नसेल तर दोन दिवस धरावेत. बांधावर काठीला लाल फडकं बांधा आणि टोळी सांगायला जाल तेव्हा औषधाचं नाव व तारीख सांगा. एक दिवस तण वाढलं तर काही बिघडत नाही.

५. घरी आल्यावर: गड्याने आधी साबणाने आंघोळ करावी, मगच लेकराला घ्यावं. कपडे त्यानेच, वेगळ्या बादलीत धुवावेत. बाळाच्या लंगोटांसोबत तर कधीच नाही, आणि नदीवर, विहिरीवरही नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोकं पाडा, नाहीतर उद्या तिच्यात रॉकेल येतं.

६. त्रास झालाच तर: तोंडाला लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, उलटी, अंग फडफडणं, दम लागणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. ‘ऊन लागलंय’ म्हणून कांदा हुंगवत बसू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे सरकारी रुग्णालय, गाठा. बाटली नाहीतर लेबल सोबत न्या, कारण उतारा औषधावर ठरतो. आणि रुग्ण बाई असेल तर पाळी कधी आली होती, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा.